पापुद्र्याची शेवटची फळी

माणूस मेला की त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायचे असतात. पापुद्र्याबद्दल तसं बोलायला कुणी पुढे येईना, म्हणून सगळे त्याच्या चित्रांबद्दल बोलत होते. इन्स्पेक्टरबाईंच्या ते आल्या आल्या लक्षात आलं.

फोन गोदामाच्या रखवालदाराने केला होता. "लवकर या. साहेब पडलेत आणि बाईसाहेब ओरडतायत," एवढं बोलून तो परत गेटवर जाऊन बसला. गेट सोडायचं नाही असा त्याला हुकूम होता, आणि हुकूम देणारा मेला म्हणून हुकूम मोडायचा का, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळ होती, पण आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. रंग लवकर वाळावा म्हणून लावलेले मोठाले दिवे जळतच होते. मधोमध प्लायवूडची माणसाएवढी फळी जमिनीवर आडवी पडली होती आणि तिच्यावर एका लहान मुलीचा चेहरा रंगवलेला होता. फळीला लागूनच पापुद्रा कुशीवर पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटली होती. शेजारी एक लोखंडी वजन होतं, दुकानात असतं तसलं.

रक्त बरंच उडालं होतं. जमिनीवर थेंबांची एक रांग सरळ फळीच्या दिशेने गेली होती आणि फळीच्या कडेशी येऊन संपली होती. फळीवरची मुलगी स्वच्छ होती, गालावर एक डाग नाही. बाईंनी ते पाहिलं आणि पुढे गेल्या. सगळ्याच गोष्टी पाहताक्षणी कळत नाहीत.

"डॉक्टर, वेळ सांगा."

"हे दिवे कधीपासून चालू आहेत ते तुम्ही सांगा, मग मी वेळ सांगतो."

"ते याला माहीत," बाई मेलेल्याकडे बघून म्हणाल्या.

"मग दुपार ते संध्याकाळ. या उकाड्यात प्रेत थंडच होत नाही. यातली कुठलीही वेळ घ्या, मी सही करतो."

हवालदार कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने मृताला लांबूनच ओळखलं होतं. पापुद्रा पूर्वी चोरून भिंती रंगवायचा. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढवायचे आणि मग पात्याने खरवडून खालचे थर उघडे करायचे, ही त्याची तऱ्हा. नाव त्यावरूनच पडलं. आधी त्याच्यामागे पोलीस धावायचे, मग गॅलरीवाले धावू लागले. भिंतीच्या जागी फळ्या आल्या, बाकी काम तेच.

"याला पकडायला मी लई पळलोय, बाई," हवालदार म्हणाला. "दोघे भाऊ असायचे. एक पळायचा, एक सापडायचा."

"सापडायचा कोण?"

"धाकटा. नेहमी धाकटाच. थोरला त्याला शिडीच्या वर चढवायचा ना. वरून उतरायला वेळ लागतो."

पापुद्र्याची बायको रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली होती. रडून झालं होतं. उजवा तळवा आणि बाही काळ्या रंगाने माखली होती.

"कधी आलात?"

"आत्ताच. डबा घेऊन."

"रोज आणता?"

"नाही. काम चालू असलं की तो जेवत नाही, आणि कुणी मध्ये आलेलं त्याला खपत नाही. आज अण्णा म्हणाले, देऊन ये. अण्णा म्हणजे माझे सासरे."

"बाहीला काय आहे?"

"रंग. त्याला हलवायला वाकले तेव्हा फळीवर हात टेकला."

"सकाळी भांडण झालं होतं म्हणे. रखवालदाराने ऐकलं."

"झालं. ही फळी आमच्या पोरीची आहे. मी म्हटलं, ही विकायची नाही. तो म्हणाला, पोर माझी, चेहरा माझा, तुझं काय आहे त्यात?" तिने माखलेल्या तळव्याकडे पाहिलं. "सगळे स्टेन्सिल, चेहऱ्याचे कागदी साचे, मी कापते. एका चेहऱ्याला महिना जातो. पण ते तो मोजत नाही."

"आणि हे वजन?"

"माझंच. म्हणजे स्टेन्सिल हलू नये म्हणून त्याच्यावर ठेवायची वजनं आहेत ही. मीच मांडते."

"हातमोजे घालून?"

"इथे सगळे घालतात, मी नाही घालत. सुरी कुठे चाललीय ते बोटाला कळलं पाहिजे."

म्हणजे वजनावर हिच्याच बोटांचे ठसे मिळणार, हे बाईंनी मनात टिपलं. मिळालेही तसेच.

"दुपारी कुठे होता?"

"घरी, पुढचे स्टेन्सिल कापत. पोरीला अण्णांनी शाळेतून आणलं, जेवू घातलं. तेवढ्यात त्यांना भाऊजींचा, धाकट्या दिरांचा फोन आला. गॅलरीत बोलावलंय म्हणाले अण्णा आणि गेले. संध्याकाळी आले, आंघोळ केली, मला डबा भरायला सांगितला आणि पोरीला घेऊन परत गॅलरीत गेले. उद्या प्रदर्शन आहे ना."

बाईंच्या हातात एक फोटो होता. दुपारी बाराला गॅलरीची मालकीण फळी बघायला आली होती, तिने काढलेला. फोटोत फळीवर काळा रंग होता, दोन तऱ्हेचे राखी होते. पांढरा कुठेच नव्हता. आता मुलीच्या कपाळावर, नाकावर, गालांवर पांढऱ्याचा लख्ख उजेड पडला होता.

"हा पांढरा थर मारायला वेळ किती लागतो?"

"पूर्ण दुपार जाते. एक स्टेन्सिल ठेवायचा, फवारा मारायचा, वाळू द्यायचं, मग दुसरा. घाई केली की रंग ओघळतो. काळा तर चार दिवसांपूर्वीच मारलेला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हणजे पापुद्रा पूर्ण दुपार जिवंत होता. मेला तो संध्याकाळी, आणि संध्याकाळी गेटमधून आत आलेलं एकच माणूस होतं. मागच्या बाजूला एक दार होतं, त्याची किल्ली घरातल्या प्रत्येकाकडे होती. पण धाकटा भाऊ तीनपासून गॅलरीत दहा मजुरांसमोर फळ्या टांगत होता आणि सासरे दिवेलागणीला तिथेच खुर्चीवर बसले होते.

बाईंच्या वरच्या साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "घरात भांडण, वजनावर ठसे, बाहीला रंग. अजून काय, तिने आमंत्रण द्यायला पाहिजे? उद्या दुपारी कोर्टात उभी करा."

गाडीत बसताना पापुद्र्याच्या बायकोने एकच विचारलं. "माझी पोर कुठे आहे?"

"सासऱ्यांजवळ."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मी आत गेले तर ती कुणाकडे राहील, तेवढंच बघायचंय मला. सहा वर्षांची आहे. अण्णांजवळ असली की मला काळजी नाही."

सकाळी इन्स्पेक्टरबाई गॅलरीत गेल्या. मालकीण नखशिखांत काळ्या कपड्यांत होती, पण ते शोकाचे नव्हते, ती रोजच तशी असायची.

"प्रदर्शन पुढे ढकलणार असाल," हवालदार म्हणाला.

"छे. आता तर लोक येतील." मालकिणीने समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट केलं. "ती फळी मला कधी मिळेल? जागा ठेवलीय तिच्यासाठी."

"ती पुरावा आहे," बाई म्हणाल्या.

"मग चित्राचं नावच ते ठेवू. 'पुरावा'."

हवालदाराने कानाला हात लावले. बाईंनी विषय बदलला. "काल दुपारी इथे कोण कोण होतं?"

"मजूर आणि धाकटा. धाकटा तीनला आला. उशीर केला म्हणून मी बोललेसुद्धा त्याला. घाम पुसत होता नुसता."

"आणि त्यांचे वडील?"

"म्हातारबुवा? दुपारी नव्हते. दिवे लागल्यावर नातीला घेऊन आले. एवढे दमले होते की मी त्यांना खुर्ची दिली, तर तिथेच बसून राहिले."

भिंतीवर ओळीने चेहरे होते. प्रत्येक चेहरा काळोखातून वर आल्यासारखा. आणि प्रत्येक फळीच्या उजव्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा घासून काढलेली होती. तिथे सगळे थर एकाभोवती एक, गोल गोल दिसत होते.

"ती त्याची सही," मागून आवाज आला. धाकटा होता. थोरल्यापेक्षा उंच, पण वाकून चालायचा. "चित्र झालं की कोपरा घासायचा. म्हणजे खाली काय काय आहे ते दिसतं."

"सगळ्यात बाहेर पांढरा, आत राखी, मग काळा. नेहमी असंच?"

"नेहमी. आधी काळा, शेवटी पांढरा. एकदा पांढरा पडला की काळ्याला परत हात लावायचा नाही. भिंतींवर असताना आम्ही दोघांनीच ठरवलं होतं ते. रात्री रंगवायचो ना, काळी भिंत आधीच तयार असायची."

बाई अजून जवळ वाकल्या. "काळ्याच्याही आत काहीतरी आहे. लाल, निळं."

धाकट्याने त्या जागेवरून अंगठा फिरवला. "ते माझं आहे. प्रत्येक फळीवर पहिला थर मी करतो. अक्षरं काढतो, मोठी. मग तो त्याच्यावर काळा फासायचा."

"म्हणजे तुमचं काम कुणाला दिसतच नाही."

"दिसतं की. नाण्याएवढं."

"पूर्वी तर तो खरवडायचा. खालचं वर आणायचा."

"भिंतीवर खरवडायचा. गॅलरीत आल्यापासून बंद केलं. म्हणाला, खालचं वर आलं तर लोक विचारतील हे कुणाचं." धाकटा हसला, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. फळ्यांखालच्या पट्ट्यांवर एकच नाव लिहिलेलं होतं आणि ते त्याचं नव्हतं.

अण्णा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. नात आत ऑफिसात कागदावर रेघोट्या ओढत होती. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवून म्हाताऱ्याने दोन मुलं वाढवली होती, आणि हात या वयातही थरथरत नव्हता. चहाचा कप त्यांनी काठोकाठ भरलेला उचलला आणि एक थेंब सांडला नाही.

"तुमच्या मुलाची चित्रं कशी वाटतात?"

"खरं सांगू? मला अपुरीच वाटतात." अण्णांनी समोरच्या चेहऱ्याकडे हनुवटी उडवली. "बघा, ओठांना कड नाही, डोळ्यांना कड नाही. पाटीवरच्या अक्षराला शेवटी काळी कड नसेल तर ते नागडं दिसतं. मी अशी पाटी दिली असती तर गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकली असती. इथे त्याला हार घालतायत."

हवालदार हसला. बाईही हसल्या.

"सुनेबद्दल काय म्हणाल?"

"माझी सून मुंगीसुद्धा मारणार नाही हो. लेकीसारखी आहे." डोळ्यांत पाणी आलं. "पण रागाच्या भरात माणूस काय करेल, आपण कसं सांगणार? तो तिला फार बोलायचा. घरात रोजचं होतं. मी मध्ये पडायचो, पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतं."

असा बचाव काय कामाचा? मुंगीपासून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत तिला फासावर नेऊन ठेवलं.

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"नातीला शाळेतून आणलं, भरवलं आणि घरीच जरा आडवा झालो. वय झालंय."

"कुणाचा फोन वगैरे?"

"नाही बुवा."

बाईंनी मान हलवली आणि निघाल्या. गाडीत बसल्यावर मात्र त्या हवालदारावर खेकसल्या. "गोदामात चल. आणि बोलू नकोस."

गोदामातले दिवे आता बंद होते. बाई फळीजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि भिंग लावून पोरीचा चेहरा बघत राहिल्या. एके ठिकाणी काळी कड पुसटली होती. सुनेच्या तळव्याने तिथलाच रंग उचलला होता.

"हवालदार, फळीवर काळा कधी मारला होता?"

"वहिनीबाई म्हणाल्या ना, चार दिवस झाले."

"या उकाड्यात चार दिवसांचा रंग हाताला लागतो?"

हवालदाराने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलू नकोस असं त्याला सांगितलेलं होतं.

बाईंनी खिशातून पातं काढलं. गालावर, बरोबर जिथे जमिनीवरचे थेंब येऊन संपले होते तिथल्या कडेला, नाण्याएवढी जागा घासायला सुरुवात केली.

"बाई, पुरावा खराब होतोय."

"पुरावा आत आहे." त्या घासत राहिल्या. मग थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. "तुमची ती रक्त ओळखायची बाटली घेऊन या. आणि सगळ्यांना इथे बोलवा. कोर्टाच्या आधी."

सगळे आले. मालकीण नाकाला रुमाल लावून उभी राहिली. अण्णा आणि धाकटा शेजारी शेजारी. सुनेला लॉकअपमधून आणलं होतं, केस विस्कटलेले, कपडे कालचेच. पोरीला बाहेर जीपमध्ये महिला शिपायाजवळ बसवलं. सुनेने तिला लांबून पाहिलं, तेवढंच.

"एक तास आहे आपल्याकडे," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तासाभरात या बाईला कोर्टात न्यायचंय. ही आत गेली की हिची पोर आजोबांच्या घरी वाढणार. म्हणून जे बोलायचं ते आत्ताच बोलू या. वहिनी, या फळीवर थर किती?"

"खाली भाऊजींची अक्षरं. मग काळा, दोन राखी, पांढरा."

"मी गालाजवळ घासलं. अक्षरं मिळाली, काळा मिळाला, राखी मिळाले. वर पांढराही मिळाला. पण राखी आणि पांढऱ्याच्या मध्ये अजून एक थर आहे. पातळ, तपकिरी. डॉक्टरांनी त्याच्यावर औषधाचा थेंब टाकला. सांगा, डॉक्टर."

"रक्त आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढची तपासणी होईल, पण रक्तच."

मालकिणीचा रुमाल खाली आला.

"काल मला एक गोष्ट कळत नव्हती. रक्त जमिनीवर उडतं, फळीच्या कडेपर्यंत येतं आणि फळीवर नाही? रक्ताला काय चित्राची भीड पडली? ते फळीवर उडालंच होतं. नंतर त्याच्यावर पांढरा मारला गेला. म्हणजे पांढरा मारणारा माणूस पापुद्रा नव्हे. पापुद्रा तेव्हा शेजारी मरून पडला होता."

बाई फळीभोवती फिरून दुसऱ्या बाजूला आल्या.

"दुपारी बाराला मालकीणबाई गेल्या. त्यानंतर थोड्याच वेळात खून झाला. मग कुणीतरी इथे बसून पूर्ण दुपार पांढरा मारला, प्रेताशेजारी. स्टेन्सिल तयार होते, वहिनींनी त्यांच्यावर क्रमाने आकडे घातलेले. हातमोजे खुंटीवर. कुणालाही जमलं असतं. कशासाठी? तर आपल्याला वाटावं की पापुद्रा संध्याकाळपर्यंत जिवंत होता. ज्याला संध्याकाळचा साक्षीदार हवा होता त्याने हे घड्याळ पुढे सरकवलं."

"पण कुणी?" मालकिणीने विचारलं.

"तेही याच फळीवर आहे. काम संपलं आणि त्या माणसाने एक चूक केली. वहिनीने केली नसती, ती या क्रमानेच स्टेन्सिल कापते. धाकट्याने केली नसती, हा नियम त्यानेच तर घातला. पांढऱ्यानंतर काळ्याला हात लावायचा नाही. इथे लावलाय. डोळ्यांना, ओठांना, पांढऱ्याच्या वरून बारीक काळी कड काढलीय. फवाऱ्याने नाही, कुंचल्याने. ऑइलपेंट आहे, लवकर वाळत नाही, म्हणून संध्याकाळी तो वहिनीच्या हाताला लागला. रेघ मात्र कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. असा हात एका दिवसात येत नाही, त्याला जन्म जावा लागतो. जित्याची खोड, अण्णा."

अण्णांनी खाली पाहिलं. स्वतःच्या हातांकडे नाही, पोरीच्या चेहऱ्याकडे.

"पोरीचं तोंड अर्धवट सोडवेना," ते म्हणाले.

सुनेला अजून कळलं नव्हतं. "अण्णा, तुम्ही इथे कशाला आला होता?" तिने खरोखरच विचारलं.

"म्हणजे खून अण्णांनी केला," इन्स्पेक्टरबाई शांतपणे म्हणाल्या आणि धाकट्याकडे बघत राहिल्या.

धाकट्याने एकदा बापाकडे पाहिलं. बाप फळीकडेच बघत होता. "हो," धाकटा म्हणाला. "मी म्हणत होतो अण्णांना, राहू द्या. पण त्यांनी वजन उचललं..."

"कधी?"

"दुपारी. दादा त्यांना टाकून बोलला."

"आणि तुम्ही बघत होता."

"मी त्यांना धरलं, पण..."

"काल तुम्ही जबाब दिलाय की दिवसभरात गोदामात पाऊलच ठेवलं नाही."

धाकटा एक पाऊल मागे सरकला.

"मीच मारलं," अण्णा घाईने म्हणाले. "तो बरोबर सांगतोय. मीच. लिहून घ्या."

"नाही अण्णा. खून झाला तेव्हा तुम्ही शाळेच्या फाटकात उभे होतात, मग घरी नातीला भरवत होतात. वहिनी तिथेच बसली होती. मग फोन आला. तुम्ही म्हणालात, फोन नव्हता. वहिनी म्हणाली, होता, धाकट्याचा. मी आज फोन कंपनीकडून काढलं, होता. तुम्ही वहिनीला सांगितलं गॅलरीत जातोय, मला सांगितलं घरी झोपलो. दोन्हीकडे नव्हतात. तुम्ही मागच्या दाराने इथे आलात. थोरला मेला होता आणि धाकटा शेजारी उभा होता. त्याला तुम्ही गॅलरीत पाठवलंत, मजुरांसमोर."

धाकटा खाली बसला. मग बोलू लागला, कुणी न विचारता. "मी फक्त एवढंच म्हटलं की या फळीवर तरी दोघांचं नाव घाल. पोर माझीही पुतणी आहे. तो मास्क पुसत होता. वळलासुद्धा नाही. म्हणाला, तू खालचा थर आहेस, खालीच राहा. मी इतक्या वेळा त्याच्यासाठी आत गेलो, आणि तो वळलासुद्धा नाही."

"आणि आता बापाला आत पाठवत होतास," हवालदार म्हणाला. त्याला राहवलं नाही.

अण्णा रडत होते. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नाही, नुसते खांदे. "आपलेच दात, आपलेच ओठ. काय करू सांगा? एक गेलाच होता. दुसरापण घालवू? सुनेवर येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं हो. वाटलं, कुणी चोरटा शिरला म्हणतील. भिंती रंगवणाऱ्यांचे शंभर वैरी असतात. तिला मी सोडवणारच होतो."

बाईंनी हवालदाराला खूण केली. "असंच लिहून घे. म्हाताऱ्याने घाबरून केलं, सुनेला गुंतवायचा इरादा नव्हता."

खरं तर बाईंनाही त्या घडीला वाईट वाटलं. पोलीस झाली म्हणून काय, बाप कुणालाही असतो. आणि सून तर सूनच. रात्रभर लॉकअपच्या फरशीवर बसलेली बाई, ती सासऱ्याजवळ गेली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडू नका अण्णा. पोर बाहेर आहे, तिला ऐकू जाईल."

मग तिला सोडलं. ती बाहेर गेली, मागोमाग इन्स्पेक्टरबाई. पोर जीपमध्ये पाय हलवत बसली होती. आईला बघून ती धावत आली नाही. भुवया वर करून बघत राहिली.

"तू कशी आलीस?"

"कशी म्हणजे? चालत आले. चल, घरी जाऊ."

"पण आजोबा म्हणाले, आई आता येणार नाही. मी आजोबा आणि काकांजवळ राहायचं, आणि रडायचं नाही."

"काल रात्री म्हणाले का?" आईने तिचे केस सारखे केले. "तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, बाळा."

"रात्री नाही. तू डबा भरत होतीस तेव्हा. मला बूट घालताना."

सुनेचा हात पोरीच्या केसांत तसाच राहिला.  मग तिने वाकून पोरीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली, पण बोटांना गाठ जमेना.

इन्स्पेक्टरबाई मागे फिरल्या. आत हवालदार अण्णांना पाणी देऊन त्यांचा जबाब वाचून दाखवत होता. बाईंनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला, फाडला आणि म्हणाल्या, "नवा घे. पहिल्यापासून लिहायचंय."